लिफ्ट केलेल्या पिकअपवर कॅम्पर कोणता बसवावा?

निपाणीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे डबल कॅब पिकअप आहे. तिला तीन इंच लिफ्ट दिली आहे, म्हणजे गाडी मूळच्यापेक्षा तेवढी उंच उचलून बसवली आहे, ३३ इंची मड टायर घातलेत, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आहे. आता हौद्यात सरकवून बसेल आणि नको तेव्हा उतरवून ठेवता येईल असा राहण्याचा डबा, म्हणजे स्लाइड-इन कॅम्पर, त्यांना हवाय. माणसं चार: नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. फिरणं आंबोली, चोर्ला, दांडेली असं, आणि दिवाळीच्या सुट्टीत कोकण. त्यांचे प्रश्न दोन आहेत. पूर्ण भिंतींचा पक्का डबा घ्यावा की छत वर उचलणारा? आणि गाडी लिफ्ट केलेली असल्यामुळे वेगळं काही बघावं लागतं का?

बेळगावच्या उद्यमबागेत माझं गाड्यांची बॉडी बांधायचं काम आहे. पिकअपचे हौदे, दुधाच्या गाड्यांचे पफचे (थंडावा टिकवणाऱ्या फोमचे) डबे, कॅनॉपी म्हणजे हौद्यावरची टोपणं, आणि अलीकडे अशी राहायची खोकीही आम्ही बांधतो. आपल्याकडे तयार कॅम्पर दुकानात उभा नसतो. तो बांधूनच घ्यावा लागतो. त्यामुळे 'निवडणं' म्हणजे बांधणाऱ्याला नेमकं काय सांगायचं ते ठरवणं. ते चुकलं की मिस्त्री त्याच्या सवयीने बांधतो, आणि मिस्त्रीची सवय असते मालवाहू गाडीची. तिथे चार किलो इकडे-तिकडे झाले तरी कुणी विचारत नाही.

पक्का की उचलता, हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: तुमच्या गाडीची किती किलो उचलायची मुभा अजून शिल्लक आहे, आणि ते वजन कुठे आणि किती उंचीवर बसणार आहे. ही दोन उत्तरं मिळाली की डब्याचा प्रकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो. गिऱ्हाईक येतं, हौद्यात टेप टाकतं आणि म्हणतं, "बसतंय की वो, घालून टाका!" बसतं हे खरं. पण हौद्यात काय मावतं आणि गाडी काय पेलते ही दोन वेगळी मापं आहेत.

आता आरसी काढा. तिच्यावर दोन वजनं छापलेली असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. त्यांतला फरक म्हणजे तुमची सगळी मुभा. डिझेल वगळता माणसं, सामान, डबा, पाणी, कुत्रं, नारळ, सगळं त्यातच आलं. परदेशातले व्हिडिओ बघून लोक धरून चालतात की पिकअप म्हणजे एक टन. मालवाहू म्हणून नोंद होणाऱ्या गाड्यांना ते लागू पडतं. आपल्याकडे खासगी पांढऱ्या पाटीवर विकल्या जाणाऱ्या डबल कॅबमध्ये हा फरक बराच कमी असतो. तुमचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून हिशेबापुरता मी फरक ५७० किलो धरतो.

चार माणसं: ८०, ६०, ४५ आणि ३०. झाले २१५. उरले ३५५. बंपर ५० किलोचा धरा, विंच ३५ चा. ३३ इंची मड टायर मूळच्या टायरपेक्षा सहज आठ-नऊ किलोने जड असतो. स्टेपनीसकट पाच म्हणजे ४५. बाजूच्या लोखंडी पायऱ्या आणि मागचा टो हुक मिळून २०. हे सगळं कारखान्यातून गाडी निघाल्यावर चढलेलं आहे, म्हणजे आरसीतल्या रिकाम्या वजनात ते नाही. उरले २०५. आता प्रवासाचं सामान घेऊ. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. शेगडी, ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि भांडी मिळून २०. बॅटरी लिथियमची घेतली तर वायरिंगसकट १५. अंथरूण-पांघरूण, कपडे, खाणं, खुर्च्या मिळून ६०, आणि हा आकडा मी हात आखडून लिहिलाय. बायकोला विचाराल तर वाढेल. उरले ७०.

म्हणजे डब्यासाठी ७० किलो. एवढ्यात धड कॅनॉपीसुद्धा होत नाही.

म्हणून मी प्रकारापासून सुरुवात केली नाही. साध्या पद्धतीने बांधलेल्या डब्याचं वजन किती होतं ते बघा. २५ बाय २५ चा, १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला १.२ किलोच्या आसपास भरतो. ॲल्युमिनियमचा त्याच मापाचा घेतला तर ४०० ग्रॅम. १२ मिलिमीटर प्लायवूड चौरस मीटरला आठ-साडेआठ किलो. लहानात लहान, अर्ध्या उंचीच्या डब्यालाही जमीन, भिंती, छत आणि केबिनवरचा झोपायचा भाग धरून १५ चौरस मीटर पत्रा-फळी लागते. प्लाय आणि लोखंडात केला तर बाहेरचा पत्रा, दार आणि कपाटं धरून तो अडीचशेच्या पुढे जातो. माणूस उभा राहील असा पक्का डबा त्याच पद्धतीने चारशेच्या वर. तोच लहान डबा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर, दोन्ही बाजूंना पातळ फायबर आणि मध्ये फोम अशा सँडविच पॅनेलने (चौरस मीटरला साडेपाच-सहा किलो) केला, तर गादी आणि कापडी भिंतींसह दीडशेच्या आत बसवता येतो. पण त्यात बिजागरीचासुद्धा हिशेब ठेवावा लागतो. मिस्त्रीने 'मजबुतीला' म्हणून कोपऱ्यात दोन अँगल मारले की सगळं गणित कोसळतं.

दीडशे आणि सत्तर यांच्यातली तफावत भरायला तुमच्याकडे सरळ रस्ता आहे: विंच आणि लोखंडी बंपर काढा. ८५ किलो परत मिळतात. त्या दोन्ही वस्तू गाडीला शोभतात, फोटोत छान दिसतात, हे मलाही मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या वाटांपैकी एकाही वाटेवर चार माणसांच्या कुटुंबाला विंच लागत नाही. कणकुंबीच्या बाजूला पावसात तांबड्या चिखलात गाडी रुतली तर ट्रॅक्टर मिळतो. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत ऐन पावसाळ्यात डबा घेऊन कच्च्या वाटेला जायचंच नसतं, मग विंच असो वा नसो.

हा हिशेब कागदावरचा झाला. खरा आकडा काट्यावर कळतो. तुमच्या पट्ट्यात साखर कारखाने भरपूर आणि खासगी वजनकाटेही आहेत. टाकी भरून, घरच्या मंडळींना बसवून गाडी काट्यावर न्या आणि दोन चिठ्ठ्या घ्या: एक पूर्ण गाडीची आणि एक फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दुसरी चिठ्ठी मागताना काटेवाला तोंडाकडे बघेल, बघू दे. मागच्या ॲक्सलवर आत्ताच किती भार आहे हे त्याशिवाय समजत नाही, आणि कॅम्परचं जवळपास सगळं वजन त्याच ॲक्सलवर येणार आहे.

आता लिफ्टकडे येतो. लिफ्टमुळे गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही, हे आधी पक्कं करा. मागे नुसता ॲक्सल आणि कमानपाटे (लीफ स्प्रिंग) यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी उचलली असेल, तर पाटे तेच, त्यांची ताकद तीच. उलट ब्रेक मारताना आणि चढाला जोर लावताना ॲक्सल पिळतो तेव्हा त्या ठोकळ्यामुळे पाट्यांवरचा पीळ वाढतो. जादा पाटा घालून किंवा जास्त ताकदीचे पाटे बदलून उचलली असेल, तर डबा बसल्यावर गाडी कमी बसेल, एवढा फायदा खरा. तरीही ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी मूळचीच राहते आणि आरसीतला आकडाही. मागे नवा पाटा टाकला म्हणजे दोनशे किलो वाढले, असं सांगणारा गॅरेजवाला भेटला तर चहा पिऊन परत या.

लिफ्टचा खरा परिणाम उंचीवर होतो. तीन इंच लिफ्ट आणि मोठ्या टायरमुळे आणखी दीड इंच धरला, तर हौद्याची जमीन मूळच्यापेक्षा अकरा-बारा सेंटिमीटर वर गेली. म्हणजे रस्त्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर. त्यावर उभं राहता येईल असा पक्का डबा ठेवला की गाडी पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. रेल्वेच्या कमी उंचीच्या बोगद्याआधी जे लोखंडी आडवे खांब असतात, तिथे थांबून खाली उतरून बघावं लागेल. आणि घाटाच्या वळणावर तो सगळा भार बाहेरच्या बाजूला झुकणार. चोर्ल्याच्या वळणांवर समोरून बस आली की आपण डावीकडे कडेला उतरतो; एक बाजू खाली, एक वर. रिकाम्या पिकअपला त्यात काही वाटत नाही. डोक्यावर तीनशे किलो घेतलेली, उचललेली पिकअप तिथे कलते, आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. तिलारीच्या घाटात तर मी असली गाडी घेऊन जाऊच नका म्हणेन.

म्हणून पहिला सल्ला. कॅम्पर घेणार असाल तर लिफ्ट कमी करायचा विचार करा. दीड-दोन इंच ठेवा, मागे ठोकळ्याऐवजी योग्य पाटे घाला आणि टायर एक माप खाली आणा. टायरचं दुसरंही कारण आहे. टायरच्या भिंतीवर मापाच्या शेवटी भारक्षमतेचा आकडा असतो. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. मड टायर घेताना लोक नक्षी बघतात, हा आकडा बघत नाहीत. शिवाय जाड भिंतींच्या टायरला तोच भार पेलायला हवा जास्त लागते, आणि लोक मऊ चालावं म्हणून ती कमी ठेवतात. मूळचा टायर ३० इंचाचा असेल आणि ३३ चा घातला असेल, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने चाललेली असते. तवंदी घाट उतरताना हा फरक लक्षात ठेवायचा, कारण तेच ब्रेक आता जास्त वजन थांबवत असतात.

पुढचा मुद्दा वजन कुठे येतं हा. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटरचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग मागच्या ॲक्सलच्या मागे असतो. त्यात जागा वाढवायची म्हणून लोक फाळका काढून डबा दोन-अडीच फूट मागे लटकवतात. बैलगाडीत ओझं मागे गेलं की ती उलाळ होते, तसंच इथे होतं. चाकांमधलं अंतर ३.१ मीटर असलेल्या गाडीत ॲक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर १३२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३२ कमी होतात. स्टिअरिंग हलकं होतं, हेडलाइट झाडांवर पडतात आणि समोरचा शिव्या देतो. डब्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे यायला हवा. म्हणून पाण्याचे कॅन, बॅटरी, सिलिंडर हे जड सामान केबिनच्या भिंतीला टेकून आणि जमिनीलगत ठेवायचं. मागे दाराशी हलकं: अंथरूण, खुर्च्या, चपला. डबा फाळक्याच्या बाहेर जात असेल तर टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाते का तेही बघा.

तर तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या गाडीला पक्का डबा नको. अर्ध्या उंचीचा, चालवताना केबिनच्या छतापेक्षा थोडाच वर असलेला आणि मुक्कामाला छत वर उचलणारा डबा घ्या. बंद असताना गाडी सव्वादोन मीटरच्या आसपास राहते, वारा कमी घेते आणि वजन दीडशेत बसवायला तोच एक आकार आहे.

त्याची किंमत पावसात मोजावी लागते. आंबोली आणि कणकुंबीचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. कापडी भिंती रात्रभर भिजतात, सकाळी तशाच घडी घालून छत खाली घ्यावं लागतं, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी उघडून वाळवलं नाही तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके. पीव्हीसीचा लेप असलेली ताडपत्री पाणी अडवते, पण आत श्वासाची वाफ धरते आणि पहाटे छतावरून थेंब पडतात. जाड सुती-पॉलिस्टर कॅनव्हास वाफ सोडतो, पण वाळायला वेळ घेतो. मी कॅनव्हास घेतो, वरून वेगळी पावसाळी झूल टाकायची सोय ठेवतो आणि समोरासमोर दोन जाळीदार खिडक्या. जून ते सप्टेंबर मुख्यतः पावसातच हिंडायचं असेल तर माझं उत्तर बदलतं. मग ही गाडी नको, असं म्हणावं लागेल. तुम्ही दिवाळीचं म्हणालात म्हणून उचलतं छत.

झोपायचं काय? चौघं आत झोपणार नाहीत, हे आधीच मनाला सांगून ठेवा. केबिनवरचा भाग आणि पुढे ओढता येणारी फळी मिळून दोन मोठ्या माणसांची सोय होते, तीही लांबीच्या दिशेने. गाडीच्या आडवं झोपायचं म्हटलं तर भिंतींच्या आत १८५ सेंटिमीटर हवेत, आणि एवढी तर गाडीची अख्खी रुंदी. धाकटं मूल हौद्यातल्या बाकावर मावेल. थोरल्यासाठी खाली एक साधा तंबू घ्या. त्याला तेच जास्त आवडेल. चालत्या गाडीत मात्र डब्यात कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

काही जण विचारतील की मग एक टनाची मालवाहू पिकअपच का नको. महिंद्रा बोलेरो कॅम्परसारख्या डबल कॅबची मालवाहू क्षमता १००० किलोच्या आसपास आहे. सिंगल कॅब बोलेरो पिकअप १.३ आणि १.७ टनांत येतात, टाटा योद्धा २ टनांपर्यंत जाते. सिंगल कॅबच्या लांब हौद्यावर पक्का डबा खुशाल बसतो. पण पुढे माणसं दोन-तीनच, पाटी पिवळी, आणि आपण राहतो तिथून दोन-तीन तासांत तीन राज्यं. सुट्टीला निघालेल्या कुटुंबाने कोगनोळीच्या सीमानाक्यावर मालवाहू गाडीचे कागद काढत उभं राहायचं, हे मला तरी पटत नाही. दोघंच फिरणार असाल तर वेगळा विचार करता येईल.

आता बांधणीतल्या दोन गोष्टी, ज्या तुम्हाला मिस्त्रीकडून मागून घ्याव्या लागतील.

हौद्याच्या आतले हुक पत्र्यावर असतात. ते पोती बांधायला आहेत, डबा धरायला नाहीत. मागच्या पावसाळ्यानंतर दुसरीकडे बांधलेला डबा असलेली एक पिकअप आमच्याकडे आली. हुकाभोवतीचा पत्रा ताणून तारेसारखी बारीक चीर गेली होती आणि तिच्यातून गंजाचं पाणी हौद्यात ओघळलेलं. त्याच गाडीच्या छतावर केबिन आणि डब्याच्या मध्ये बोटभरही जागा ठेवलेली नव्हती. जांबोटीच्या रस्त्यावर चासी पिळते तेव्हा केबिन एकीकडे आणि हौदा दुसरीकडे हलतो; डब्याच्या नाकाने छतावर अर्धचंद्रासारखा रंग खरवडून पत्रा उघडा पाडला होता. म्हणून केबिन आणि वरच्या भागात किमान सहा-सात सेंटिमीटर मोकळे हवेत आणि डबा केबिनला कुठेही जोडायचा नाही. बांधायचा तो चार टर्नबकलने (फिरवून आवळायच्या आट्यांच्या कड्यांनी), चासीला बोल्ट केलेल्या पट्ट्यांना. चासीला वेल्डिंग आणि भोक पाडणं दोन्ही टाळा. आहेत त्या भोकांत बसणारे ब्रॅकेट बनवता येतात. खाली जाड रबरी मॅट टाका. हौद्याच्या प्लास्टिक लाइनरवर डबा सरकतो, टर्नबकल कितीही आवळले तरी.

उतरवून ठेवायचं म्हणाल तर परदेशी कॅम्परला चार कोपऱ्यांत जॅकचे पाय असतात. लिफ्टमुळे तुमच्या डब्याचे पाय एक मीटरच्या वर उचलायला हवेत आणि मोठ्या टायरपासून दूर म्हणून रुंद लागतील. असे चार पाय म्हणजे पुन्हा ४०-५० किलो. दीडशे किलोच्या डब्याला ते कशाला? शेडच्या तुळईला चेन पुली लावा, डबा उचला, गाडी खालून काढा आणि डबा खाली विटांवर टेकवा. तुळई मात्र तेवढं पेलते का ते आधी कुणाला तरी दाखवा. डबा उंच टांगून ठेवायचा नाही, वळवाच्या वाऱ्यात तर नाहीच.

गॅसचं एकच सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं, हे हवंच. आणि झोपताना आत शेगडी किंवा कोळसा नको, थंडी कितीही असो.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण शेवटी विचारतोच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्यामुळे अडचण आधी येते ती तुमच्या लिफ्ट आणि टायरची. काढता-घालता येणारा, काही न कापता-जोडता बसवलेला डबा हा सामान आहे, असं म्हणायला जागा राहते; गाडीलाच कायमचं मोटार-कॅरव्हॅन करायचं तर त्याला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आणि मंजुरीची वेगळी वाट आहे. पण सामान म्हटलं की जादा वजनाची आणि बाहेर आलेल्या भागाची कलमं लागू होतात. चिक्कोडी आरटीओत जाऊन लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि दोन्ही कागद गाडीत ठेवा. आणि भीमगडच्या बाजूला कुठेही गाडी लावून मुक्काम ठोकू नका. ते अभयारण्य आहे.

ॲडव्हान्स देण्याआधी एक काम करा, खर्च काही नाही. ५० किलोची पाच पोती घ्या, वाळूची किंवा सिमेंटची. त्यांचे २५० किलो म्हणजे जवळपास तुमचा डबा आणि त्यातलं सामान. आधी रिकाम्या गाडीचं मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप दोन्ही बाजूंना लिहून ठेवा. मग पोती हौद्यात केबिनला टेकवून मांडा, घट्ट बांधा, घरची मंडळी बसवा आणि पुन्हा माप घ्या. गाडी मागे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त बसली तर आधी पाट्यांचं काम. रात्री भिंतीसमोर उभं करून हेडलाइट बघा. मग एकदा तवंदी घाट चढून-उतरून या आणि वाटल्यास संकेश्वरपर्यंत. ब्रेक लागायला किती अंतर घेतंय, वळणावर मागचं अंग किती उशिरा सावरतंय, हे हाताला कळेल. डब्याच्या उंचीचा परिणाम यात दिसत नाही, कारण पोती खाली आहेत. प्रत्यक्षात कलणं याहून जास्तच असेल. पोती खाली असतानाच गाडी नकोशी वाटली, तर डबा बांधायला टाकू नका.

त्यानंतर लिहा: आरसीतली दोन वजनं, काट्याच्या दोन चिठ्ठ्या, मडगार्डची आधीची-नंतरची मापं आणि हौद्याच्या दोन चाकफुग्यांमधली (चाकांवर आत फुगलेल्या पत्र्यांमधली) रुंदी. मागे लिफ्ट ठोकळ्याने दिली आहे की पाट्याने, त्याचा खाली वाकून एक फोटो काढा. काट्यावर गेलात तेव्हा टाकीत डिझेल किती होतं तेही लिहा, नाहीतर मला परत विचारावं लागेल.